सुरक्षित नावाचं गाव

मेजर टेप ड्राइव्हला कान लावून बसायचे. म्हणजे खरोखर स्टूल ओढून, टोपी काढून, डावा कान यंत्राच्या पत्र्याला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. उजवा कान फौजेतच ठेवून आलो, असं सांगायचे. कान जागेवर होता, त्यातून ऐकू येत नव्हतं एवढंच. नव्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याला डुलकी लागली. आतली टेप टोकाला जाऊन उलटी फिरायला लागली की मेजर डोळे न उघडता म्हणत, "तिसऱ्या फेरीला घासली बघ." मी पडद्याकडे बघत राही आणि थोड्या वेळानं पडद्यावर तक्रार उमटे. पडद्याच्या आधी मेजरांना कळलेलं असे, आणि ह्या गोष्टीचा मला राग येई.

ते मेजर नव्हते. हवालदार म्हणून पेन्शनीत निघाले होते. पण आमच्या भागात फौजेतून आलेल्या माणसाला गाव आपल्या मर्जीनं बढती देतं आणि ती परत घेत नाही. पाटणच्या वरच्या डोंगरातला माणूस, उमेदीची सारी वर्षं डोंगराडोंगरांतून टेलिफोनच्या तारा ओढण्यात गेली. इस्लामपूरजवळच्या आमच्या साखर कारखान्यात ते वॉचमन म्हणून लागले. कारखान्यात काँप्युटर आला तेव्हा त्यांना त्या खोलीच्या दाराशी उभं केलं. पहिल्याच आठवड्यात चेअरमन चपलांसकट आत निघाले, तर मेजरांनी हात आडवा धरला. "आत धूळ चालत न्हाई साहेब. तुमची बी." आमच्या विभागाचे साहेब सांगलीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं की टेपा ह्या माणसाच्या ताब्यात द्यायच्या.

मी त्यानंतर वर्षानं लागलो. बी.एस्सी., विषय रसायनशास्त्र, वर सांगलीच्या क्लासात काँप्युटरचा पहिला डिप्लोमा. आमच्या घरात माझ्या आधी दहावीच्या पलीकडे कुणी गेलेलं नव्हतं. हे मी अजूनही सांगतो, कारण ते सांगण्यासारखं आहे. पण तेव्हा मी ते जरा जास्तच वेळा सांगत असणार. मेजरांनी तिसऱ्या दिवशी माझं नाव टाकून दिलं आणि मला 'ग्रॅज्वेट' म्हणायला लागले. "ग्रॅज्वेट, चहा सांगितलास का?" "आवो ग्रॅज्वेट, लायटीचं बटण कुठल्या पुस्तकात हाय?" मी सहा महिन्यांच्या कच्च्या नेमणुकीवर होतो, ते दरवर्षी मुदतवाढीवर. दोघांचे कागद साहेबांच्या एकाच टेबलावर असत.

टेप म्हणजे जाड पंचांगाएवढी एक डबी, खाली पत्र्याचा तळ, पुढे एक बारीक झाकण. संध्याकाळी पाचला काँप्युटरमधली सगळी नोंद तिच्यावर उतरवायची. सोमवार ते शुक्रवार दर वाराची टेप वेगळी, वार वर लिहिलेला. कुणाच्या रानात कोणत्या तारखेला उसाची लागण झाली, ह्यावर तोडीची पाळी ठरायची आणि ती सगळी यादी आत असायची. यंत्र बसलं आणि टेपही कोरी निघाली, तर हंगामाच्या तोंडावर कुणाचा ऊस आधी तोडायचा हे कुणालाच सांगता आलं नसतं. साखर कारखान्याच्या मुलखात तो प्रश्न तोंडी सुटत नाही.

मेजर यंत्र साफ करायचे ते बंदूक साफ केल्यासारखं. फौजेत बंदुकीच्या नळीतून चिंदी बांधलेली दोरी ओढतात, तिला ते फुलतरू म्हणत. साताऱ्याला पेन्शनच्या कामाला गेले की येताना मलमलीचा तुकडा आणत, त्याच्या बोटभर चिंद्या फाडत, बांबूच्या काडीला गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवत आणि टेप जिथं घासते तो भाग, म्हणजे हेड, हलक्या हातानं पुसत. पुसलेली चिंदी फेकत नसत. उजेडात धरून बघत. तिचा रंग ते वहीत लिहीत.

ही वही म्हणजे मेजरांचा खरा जीव. उभ्या रेघा स्वतः मारलेल्या. टेप कुठली, चढवली कुणी, काल रात्री टेप कुठं होती, काय झालं, कारण, उपाय, आणि अगदी कडेला एक बारीक रकाना, 'तपासले'. हा शेवटचा रकाना ते सहजी भरत नसत. दोन सोमवार साफ गेल्याशिवाय त्यांच्या लेखी कुठलीच दुरुस्ती दुरुस्ती नव्हती. "एक सोमवार काय, कुणाचाबी चांगला जातो," म्हणायचे. आणि वहीबद्दल दुसरा नियम, "हितं खोटं लिवायचं न्हाई, आन अर्धं बी लिवायचं न्हाई. अर्ध्याचा तरास जास्ती."

त्यातल्या 'टेप कुठं होती' ह्या रकान्यावरून आमचं वाजायचं. आग लागली तर सगळंच जायला नको, म्हणून आठवड्याची एक टेप कारखान्याबाहेर ठेवावी, असं साहेबांनी ठरवलं होतं. अशा दोन टेपा होत्या. एक कारखान्यात, एक बाहेर, आणि शनिवारी त्यांची अदलाबदल. बाहेरून आलेली त्या संध्याकाळी चढवायची. बाहेर कुठं, हा प्रश्न निघाला तेव्हा मी हात वर केला. आमचं गाव सायकलवर, घर पक्कं, आणि घरात पदवीधर. शनिवारी टेप पिशवीत घालून नेताना मला रस्त्याच्या दोन्ही कडेचा ऊस माझ्याकडे आदरानं बघतोय असं वाटे. घरी आईला सांगितलं, "ह्यात साऱ्या तालुक्याच्या उसाची नोंद हाय. जपून ठेव." आणि वहीत त्या रकान्यात मी दर वेळी एकच शब्द लिही, 'सुरक्षित'.

मेजर चष्मा कपाळावर सरकवून ते वाचत. "सुरक्षित. हे गाव कुठं आलं रं? इस्लामपूरच्या अल्याड का पल्याड? यष्टी जाती का तिथं?"

"मेजर, सुरक्षित म्हणजे सुरक्षित."

"असंल. मला त्या नावाचं गाव म्हाईत न्हाई."

त्या वर्षी नागपंचमी झाली आणि टेप ड्राइव्ह बिघडायला लागला. दर सोमवारी. पाच वाजता टेप चढवावी, पंधरा मिनिटं नीट चालावी आणि पडद्यावर 'राइट एरर' यावी, म्हणजे टेपेवर नोंद उतरत नाही. मेजर हेड पुसायचे, मंगळवारी पुन्हा सुरळीत. शनिवारपर्यंत काही नाही. सोमवार आला की परत तेच. आधी आम्ही सोमवारची टेप बदलली. मग पुण्याहून इंजिनिअर आला, त्यानं केबल बदलली. त्याच्या पुढच्या खेपेला आतलं कार्ड बदललं. मग त्यानं शोध लावला की रविवारी खोलीतला ए.सी. बंद असतो, यंत्राला दमट हवा बाधते, म्हणून सोमवारी ते रुसतं. रविवारी ए.सी. चालू ठेवला. सोमवारी यंत्र थंडगार होतं आणि एरर आली. शेवटी त्यानं आख्खा ड्राइव्हच नवा बसवला. तो एक आठवडा टिकला.

प्रत्येक खेपेला मेजर एकच गोष्ट विचारत, "साहेब, ह्यो भाग काढला तो बिघडलेला व्हता का?" इंजिनिअर म्हणे, बहुतेक. मेजर वहीत लिहीत, 'बहुतेक'.

यंत्रातलं बदलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा इंजिनिअरनं माणूस बदलायला सांगितलं. त्याच्या अहवालात होतं, 'हाताळणीत दोष'. हाताळणारे मेजर. साहेबांनी त्यांना बोलावून माझ्यादेखत सांगितलं, "मेजर, दिवाळीनंतर हंगाम सुरू होतोय. त्याआधी हे थांबलं नाही, तर तुमच्या मुदतवाढीवर मला सही करता येणार नाही." मेजर टाचा जुळवून "ठीक हाय साहेब" म्हणाले आणि बाहेर आले. त्या दिवशी त्यांनी मला ग्रॅज्वेट म्हटलं नाही. बराच वेळ वही चाळत बसले. मग म्हणाले, "घरी बसायचं म्हंजे काय करायचं रं? तिथं ऐकायला काय हाय?" खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात आलं की हे गेले तर टेपांचा इन्चार्ज मीच. आलं ते आलं. लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर डिप्लोम्याच्या पुढच्या परीक्षेसाठी मी शुक्रवारीच साताऱ्याला गेलो. शनिवारी घरची टेप कारखान्यात पोचली नाही, तेव्हा मेजरांनी कपाटातली एक कोरी टेप फोडून तीच चढवली. मी सोमवारी परत आलो. पाच वाजले, मेजरांनी कान लावला, टेप शेवटपर्यंत गेली. एरर नाही. मी खूश झालो. मेजर झाले नाहीत. त्यांनी त्या सोमवारखाली लाल पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या.

"अहो, साफ गेला की सोमवार."

"व्हय. म्हणूनच. तार तुटली की तुटल्या जागी जाऊन बसायचं नसतं. जिथनं आवाज येतोय तिथनं चालत यायचं. तू नव्हतास त्या शनिवारी काय येगळं झालं, ते बघायचं."

पुढच्या शनिवारी मी घरची टेप आणली, रिवाजाप्रमाणे चढवली, दुसरी घरी नेली. सोमवारी एरर हजर. मेजर हसले, तेही पहिल्यांदाच. "सोमवारी दुखतंय गड्या. पर लागतंय शनवारी." आणि आठवडा संपता संपता सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "रविवारी तुझ्याकडं चहाला येतो. सुरक्षित गाव एकदा बघावं म्हणतो."

मेजर येणार म्हटल्यावर आईनं सकाळपासून अंगण दोनदा झाडलं. ते सायकलवरून आले, इस्त्रीचा शर्ट, टोपी. भिंतीवर माझा पदवीचा फोटो होता, भाड्याच्या काळ्या झग्यातला. त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "वैनी, तुमच्यात कोण वकील हाय का?"

"आवं, त्यो आमचाच की."

"व्हय? फोटोत हुशार दिसतोय."

चहा झाला. मेजरांनी मला काही विचारलंच नाही. बशी खाली ठेवली आणि थेट आईला म्हणाले, "वैनी, कारखान्याची ती डबी कुठं ठेवता?"

आईचा चेहरा असा उजळला की इतके दिवस कुणी हे विचारावं ह्याचीच ती वाट बघत असावी. "लय जपून ठेवते बघा." ती आत गेली. मेजर मागोमाग गेले, मी त्यांच्या मागे. कोपऱ्यात गव्हाचा मोठा पत्र्याचा डबा होता. आईनं झाकण काढलं, बांगड्या मागं सारल्या, कोपरापर्यंत हात गव्हात घातला, चाचपलं आणि खणात गुंडाळलेली टेप वर काढली. हात पांढरा झालेला. "उंदराची टाप न्हाई, चोराची न्हाई. पंचमीच्या आदी साऱ्या गव्हाला बोरिक पावडर लावलीया, किडा बी फिरकत न्हाई. रोज एकदा हात घालून बघते, हाय का म्हणून." आणि पदरानं तिनं ती डबी प्रेमानं पुसली.

मेजरांनी टेप हातात घेतली, अंगठ्यानं पुढचं झाकण उघडलं आणि दाराच्या उजेडात धरली. आत पिठासारखी बारीक भुकटी. त्यांनी माझ्याकडे बघितलं. शनिवारी ही भुकटी घेऊन टेप ड्राइव्हमध्ये फिरत होती, ती हेडवर बसत होती, आणि सोमवारची टेप बिचारी तिच्यावर घासत होती. बोरिक ॲसिडचं सूत्र मला तेव्हा झोपेतही म्हणता आलं असतं. आपल्या आईला 'कुठं ठेवतेस' एवढं मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

आईला शंका आली. "का वं, काय चुकलं का?"

"काय सुदिक न्हाई," मेजर म्हणाले. "फौजेत असता तर बंदुकांच्या खोलीची किल्ली तुमच्याकडं दिली असती. पर वैनी, ह्या डबीला मोकळं लागतं. धान्यात तिला कोंडल्यागत व्हतं. मी पेटी देतो, तिच्यात ठेवा." आणि त्याच दुपारी खोलीवर परत जाऊन ते आपली फौजेतली लहान काळी पेटी सायकलला बांधून घेऊन आले. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर. आईनं ती पेटी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली.

रस्त्यापर्यंत मी त्यांच्या सायकलीबरोबर चालत गेलो. तोंडातून कसंबसं निघालं, "मेजर, साहेबांना हे..."

"मी न्हाई सांगणार."

माझा जीव भांड्यात पडला.

"तू लिवणार," म्हणाले, आणि टांग टाकून गेले.

सोमवारी त्यांनी हेड पुसलं, घरी जाऊन आलेल्या दोन्ही टेपा बाजूला काढून नव्या लावल्या आणि वही माझ्यापुढं सरकवली. 'कारण' हा रकाना कोरा. मी लिहिलं, 'धूळ'. मंगळवारी त्याच्यापुढं लाल पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'कसली?' मी लिहिलं, 'पांढरी'. बुधवारी प्रश्न आला, 'कुठली?' मी लिहिलं, 'बाहेरची'. गुरुवारी सकाळी, 'आली कशी? चालत?' आता लिहितो तेव्हा हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. माझी नेमणूक पक्की व्हायला महिना उरला होता, आणि आमच्या घरातली पहिली नोकरी गव्हाच्या डब्यात गेली असं गाव म्हणालं असतं. त्याहून वाईट म्हणजे आईला कळलं असतं.

गुरुवारी संध्याकाळी बघितलं, तर मेजर आपलं स्टूल पुसत होते. त्यावरची घडीची घोंगडी, चहाचा मग, मलमलीच्या चिंद्यांची पुरचुंडी, सगळं पिशवीत भरलेलं.

"हे काय मेजर?"

"उद्या कागदावर सही हाय. व्हईल न्हाईतर न्हाई. आवरून ठेवलेलं बरं."

त्यांनी फक्त तोंड उघडायचं होतं. एक वाक्य, आणि सही झाली असती. चार दिवस तो माणूस ते वाक्य खिशात घालून माझ्यासमोर बसला होता आणि मला चहा सांगायला लावत होता.

शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या आधी आलो आणि लिहिलं. रकान्यात मावेना, म्हणून समासात लिहिलं. 'गव्हाला लावलेली बोरिक पावडर. आठवड्याची टेप माझ्या घरी गव्हाच्या डब्यात राहत होती. मी कधी पाहिलं नाही आणि वहीत सुरक्षित असं लिहीत गेलो. दोष माझा. घरच्या माणसांचा नाही आणि मेजरांचा नाही.' खाली सही केली, पदवीसकट. मग पदवी खोडली. वही घेऊन साहेबांकडे गेलो.

साहेबांनी दोनदा वाचलं. "गव्हात?"

"होय साहेब."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "आमच्याकडे डाळीत ठेवली असती. एरंडेल लावून." मग मेजरांना बोलावलं. "तुम्हाला हे कधी कळलं?"

"रविवारी सकाळी."

"आज शुक्रवार आहे. बोलला का नाहीत? तुमची नोकरी जात होती."

"ज्याची चूक त्याचं अक्षर पायजे साहेब. माझ्या अक्षरात लिवली असती तर ती तक्रार झाली असती."

साहेबांनी मुदतवाढीवर सही केली. माझी कच्ची नेमणूक तीन महिने वाढवली. त्या तीन महिन्यांबद्दल माझी तक्रार नाही. होती, आता नाही. बाहेर आल्यावर मेजर म्हणाले, "अक्षर बरं हाय तुझं. ग्रॅज्वेटाला शोभलं." आणि पिशवीतला मग काढून माझ्या हातात दिला. चहा सांगायला. त्या नोंदीपुढं 'तपासले' मात्र त्यांनी लिहिलं नाही. दोन सोमवार जाऊ दिले. दुसऱ्या सोमवारी टेप शेवटाला टेकली, मेजर उठले, टोपी घातली आणि मगच पेन्सिल उचलली.

पुढचे दोन हंगाम आम्ही एकत्र काढले. मग एक दिवस त्यांनी स्वतःच अर्ज दिला. कारण विचारलं तर म्हणाले, "तुला काय करायचंय, चहा सांग." शेवटच्या दिवशी कपाटातल्या टेपा दोनदा मोजल्या, किल्ली माझ्या तळहातावर ठेवून मूठ वळवली, पाटणची यष्टी पकडली. पेटी परत न्यायला सांगितली तर म्हणाले, "वैनींकडं चार्ज दिलाय. परत कसा घ्यायचा?" ती पेटी अजून आमच्या घरी आहे. मेजर जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आईही आता नाही. मी पुण्यात मोठ्या यंत्रांवर काम केलं, हाताखाली माणसं आली. कुणी अहवालात 'बहुतेक' लिहिलं की मी लाल पेन्सिल मागतो आणि पोरं आपसांत हसतात. हसू देत.

कारखान्यानं जुना काँप्युटर मोडीत काढला तेव्हा ती वही मी मागून घेतली. पण तिच्यातली मेजरांची शेवटची नोंद मी पहिल्यांदा वाचली ती ते नोकरी सोडून पाटणला गेल्यानंतरच्या सोमवारी, पाच वाजता, टेप चढवताना. काय झालं, ह्या रकान्यात होतं, 'टेपेवरचा वार वाचता येत नाही. दोनदा चुकीची चढवली.' कारण, 'वय'. उपाय, 'माणूस बदलणे. ग्रॅज्वेट.' आणि कडेच्या बारीक रकान्यात, 'तपासले'.

मी बोटांवर मागचे दिवस मोजले. त्यांच्या शेवटच्या दोन्ही सोमवारी सगळं काम मीच केलं होतं. मेजर नुसते स्टुलावर बसून होते, टोपी मांडीवर, डोळे मिटलेले. मला वाटलं होतं, ते टेपेकडे कान लावून बसलेत.